हजिऱ्यातून जाताना गाइडने गप्प बसावं का?

ग्वाल्हेरमध्ये नुकतंच गाइडचं काम सुरू केलेल्या एका मराठी मुलाचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. पुण्या-मुंबईचे ग्रुप तानसेनच्या समाधीला न्यायचे तर हजिरा या जुन्या गिरणी भागातून जावं लागतं. बंद गिरणीची भिंत, मिलच्या लाइनी म्हणजे कामगारांची रांगेतली घरं, तुंबलेले नाले, सगळं बसच्या खिडकीतून दिसतं. कुणी विचारतं, "हे असं का झालं हो?" कुणी कुरकुरतं, "इकडून कशाला आणलंत?" टूरवाले बजावतात की त्या भागाबद्दल काही बोलू नका, शहराची बदनामी होते. आणि एखादा पाहुणा नेमका उलट हट्ट धरतो की राजवाडे पुरे झाले, आता वस्त्या दाखवा. यात गाइडने काय करावं, असा त्याचा प्रश्न आहे.

याच कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. बोलायचं. ज्या भागातून पाहुण्याला नेता, त्या भागावर काय ओढवलं ते सांगायचं, आणि जमेल तिथे खाली उतरवून दाखवायचं. मात्र दाखवायचं ते शहराचं काय झालं हे. लोकांच्या घरातली अडचण दाखवायला कुणाला नेऊ नका. ही रेघ कुठे मारायची हेच या धंद्यातलं खरं शिक्षण आहे, आणि ते किल्ल्याच्या सनावळ्या पाठ करण्यापेक्षा अवघड आहे.

पहिली गोष्ट, ग्वाल्हेरमध्ये लपवण्याची सोयच नाही. किल्ला मधोमध, त्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, दक्षिणेला लष्कर, पूर्वेला मुरार. तानसेन आणि सूफी संत मोहम्मद गौस यांची समाधी हजिऱ्यात. सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय जीवाजीगंजच्या दाटीत. गुजरी महालाकडून उतरलात की किल्ला गेटची अरुंद, धुळकट वस्ती. पाहण्यासारखं जे जे आहे ते थकलेल्या मोहल्ल्यांच्या कुशीत आहे. तेव्हा "दाखवावं का" हा प्रश्न आपल्या हातात राहिलेलाच नाही. पाहुणा बघतोच. आपल्या हातात एवढंच आहे की तो जे बघतोय त्याचं कारण त्याला कळावं की नाही.

आणि कारण कळलं नाही तर तो स्वतः तयार करतो. ही वाक्यं मी बसमध्ये पुन्हा पुन्हा ऐकली आहेत: "इथल्या लोकांना स्वच्छतेचं वावडं आहे." "या राज्यात असंच असतं." "कामाला हात लावायला नको यांना." गाइड पुढच्या सीटवर गप्प बसलेला असतो आणि त्याच्या त्या गप्प बसण्याने या वाक्यांवर शिक्का बसतो. हजिऱ्यात ज्या माणसांनी तीन-तीन पाळ्यांत यंत्रं चालवली, त्यांच्याबद्दल "कामाला हात लावायला नको" हे ऐकून घेणं मला कधी जमलेलं नाही.

मग सांगायचं काय? थोडं मागून सुरू करा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला, तो उठलाच नाही आणि त्याचं लष्कर नावाचं शहर झालं. पुढे माधवराव महाराजांच्या काळात इथे उद्योग आले. १९२१ मध्ये घनश्यामदास बिर्लांनी जियाजीराव कॉटन मिल सुरू केली, तीच जेसी मिल. तिच्याभोवती बिर्लानगर वसलं, कामगारांसाठी लाइनी बांधल्या गेल्या, आणि आजही तिथले पत्ते लाइनच्या नंबराने सांगतात. २५ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दहा दिवस झाले असताना, ग्वालियर रेयॉन कंपनीची नोंदणी झाली. तीच आजची ग्रासिम. देशातल्या बड्या कंपन्यांत तिची गणना होते, पण तिचं मूळ या धुळीत आहे हे ग्वाल्हेरबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इथे मराठी पाहुण्यांसाठी एक दार उघडं आहे, ते वापरा. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, "ग्वालियर सूटिंग आठवतं का?" क्रिकेटवाल्या पतौडींची जाहिरात आठवते, वडिलांनी दिवाळीला शिवून घेतलेली पँट आठवते, लग्नातल्या सुटाचं कापड आठवतं. मग सांगा की ते नाव या गावाचं. आतापर्यंत "इकडून कशाला आणलंत" म्हणणारा माणूस खिडकीतून बाहेर वाकून बघू लागतो. त्याचं त्या भिंतीशी नातं निघालेलं असतं.

यानंतर पडझडीची गोष्ट, आणि ती एका वाक्यात उरकू नका. ग्वाल्हेरला दोन धक्के बसले. पहिला राजधानीचा. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेर आणि इंदूर अशा दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात कारभार इथून चाले आणि मोतीमहालात सचिवालय होतं. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. समजूत म्हणून महालेखाकार कार्यालय, महसूल मंडळ अशी काही कार्यालयं इथे राहिली. दरबार गेला, मग सचिवालय गेलं, आणि या दोन्हींवर जगणारी कारकून, वकील, शिक्षक, गवई अशी सगळी मराठी वस्ती हळूहळू पुण्या-मुंबईकडे, दिल्लीकडे सरकली. दुसरा धक्का गिरण्यांचा. नव्वदच्या दशकात जेसी मिल बंद पडली, पुढे ग्रासिमचा कापड विभागही इथून उठला. जुनी यंत्रं, यंत्रमागाच्या स्वस्त कापडाशी स्पर्धा, १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने बदललेलं गणित. देशभर संमिश्र गिरण्या, म्हणजे सूत आणि कापड दोन्ही एकाच ठिकाणी करणाऱ्या, ज्या कारणांनी बुडाल्या, तीच कारणं इथेही होती. नवे कारखाने आले ते शहराबाहेर, भिंड जिल्ह्यातल्या मालनपूरला आणि मुरैनातल्या बामोरला. लाइनीत राहणाऱ्या पन्नाशीच्या विणकराला त्यांचा उपयोग नव्हता.

मुंबईचा ग्रुप असेल तर १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप त्यांना सांगावा लागत नाही. लालबाग-परळचं कुणी ना कुणी ग्रुपमध्ये असतंच. फरक एवढाच सांगा की तिथे गिरणीच्या जागेवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. इथल्या जमिनीला तो भाव नव्हता, म्हणून भिंत तशीच उभी राहिली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षं कागदांत अडकली. इंदूरचं उदाहरण जोडा: हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी रुपये निघाले ते २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. त्यातले कितीतरी कामगार तोवर हयात नव्हते, पैसे वारसांच्या हाती गेले. हे ऐकल्यावर आळसाचा शेरा कुणी मारत नाही.

आता एक गोष्ट खास मराठी पाहुण्यांबद्दल, कारण ती मला फार बोचते. लष्करात निंबाळकरांची गोठ (गोठ म्हणजे मोहल्ला) आहे, चिटणिसांची गोठ आहे, फाळके बाजार आहे. तिथे सरदार-मानकऱ्यांचे वाडे आहेत, कोरीव दगडी झरोके आणि जाळ्या आहेत, आणि त्यातले अनेक वाडे निखळत चालले आहेत. वारसांत वाटण्या झालेल्या, जुने भाडेकरू, कोर्टातले दावे, वर पिंपळ उगवलेला. तिथे आमचे पाहुणे हळहळतात. "काय वैभव असेल हो!" म्हणतात, फोटो काढतात. आणि मिलच्या लाइनीत तेच पाहुणे नाकाला रुमाल लावतात. पडझड दोन्हीकडची सारखीच आहे. एकीकडे आश्रय देणारा गेला, दुसरीकडे पगार देणारा. वाड्याच्या पडक्या भिंतीला जो आदर देता तो लाइनीच्या पडक्या भिंतीलाही द्या, असं मी सरळ सांगतो. त्यासाठी दोन्ही एकाच दिवशी, एकामागून एक दाखवतो, म्हणजे वेगळं समजवावं लागत नाही.

टूरवाल्यांच्या बदनामीच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो मुद्दा पोकळ नाही. ज्या शहराला हॉटेलं भरायची आहेत, गुंतवणूक आणायची आहे, त्याला आपली चांगली बाजू पुढे ठेवावीशी वाटणार. ग्वाल्हेरला ३१ ऑक्टोबर २०२३ ला युनेस्कोने संगीताचं शहर म्हणून मान दिला. त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे आणि तो पाहुण्यांना सांगितलाच पाहिजे. पण झाकून चांगली बाजू दिसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या दौऱ्याआधी अहमदाबादेत वस्तीसमोर भिंत बांधली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० च्या वेळी दिल्लीत वस्त्यांसमोर हिरवे पडदे लागले. जगभरच्या बातम्यांत मग काय आलं? ती भिंत आणि तो पडदा. शिवाय भिंतीच्या आतल्या माणसाला जो निरोप मिळतो तो मला अधिक गंभीर वाटतो: तुझं असणं ही आमची लाज आहे. संगीताच्या शहराबद्दलच बोलायचं तर तानसेन समारोह १९२४ पासून हजिऱ्यातच भरतो. गाणं ऐकायला येणाऱ्याला हजिरा टाळून गाण्यापर्यंत पोचताच येत नाही, आणि पोचूही नये.

दुसऱ्या टोकाचा हट्ट, म्हणजे "आम्हाला गरिबी दाखवा", त्याला मात्र मी साफ नकार देतो. असा पाहुणा आपल्याकडेच येतो असं नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात होती, २०१० मध्ये ती सव्वासात लाखांच्याही खाली आली, आणि जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. मोटारींचे बंद कारखाने, ओसाड मिशिगन सेंट्रल स्टेशन यांचे फोटो काढायला जगभरातून लोक तिथे जाऊ लागले. तिथल्या रहिवाशांचा राग कशावर होता ते समजून घेण्यासारखं आहे. त्या फोटोंत माणसं नसायची. लाखो लोक राहत असलेलं शहर मेलेलं म्हणून दाखवलं जात होतं. ते स्टेशन फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये विकत घेतलं आणि २०२४ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा उघडलं, पण त्या वर्षांत जे तिथे टिकून राहिले, शाळा चालवत राहिले, मोकळ्या प्लॉटवर भाजी पिकवत राहिले, त्यांच्याकडे फार थोडे कॅमेरे वळले. धारावीत फिरवणाऱ्या एका जुन्या कंपनीने सुरुवातीपासून फोटोबंदी ठेवली आणि नफ्याचा मोठा वाटा वस्तीतल्या कामांना दिला. तरीही तिथे माणसं न्यावीत की नाही हा वाद मिटलेला नाही. मिटूही नये, कारण तो वाद जागा असला की गाइड सांभाळून वागतो.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. जे वाक्य तुम्ही लाइनीतल्या ओट्यावर बसलेल्या आजोबांसमोर, त्यांना कळेल अशा हिंदीत बोलू शकत नाही, ते बंद काचेच्या बसमध्ये मराठीतही बोलायचं नाही. ही कसोटी लावली की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

उरलेले अर्धे प्रश्न व्यवहाराचे आहेत, आणि त्यांतच बरेच गाइड घसरतात. चाळीस माणसांची बस घेऊन लाइनीत शिरू नका. बस समाधीजवळ थांबवा, ज्यांना पायी यायचं आहे असे आठ-दहा लोक घ्या, बाकीच्यांना समाधीच्या आवारात बसू द्या. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो ही दंतकथा त्यांना पुरते. पायी नेतानाही मोठ्या रस्त्याने, बाजारातून, मिलच्या भिंतीपर्यंत आणि परत. गल्ल्यांत आत शिरायचं नाही. नळाला पाणी येण्याची वेळ टाळा. त्या वेळी बायका-मुलं हंडे-बादल्या घेऊन दारात असतात आणि त्यांच्याकडे बघायला आठ अनोळखी माणसं उभी करणं हा असभ्यपणा आहे. इमारतीचा, भिंतीचा फोटो चालेल. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही, लहान मुलांचा तर विचारूनही नाही. मुलांना चॉकलेटं, पेनं वाटायला मी देत नाही. पाहुण्याला वाईट वाटतं, त्याचा हेतू चांगला असतो हेही मला कळतं, पण पुढच्या ग्रुपमागे तीच मुलं धावतात, शाळा बुडवून धावतात. ज्याला खरंच काही द्यायचं असेल त्याने वस्तीतल्या शाळेला द्यावं, आणि तेही नंतर, शांतपणे, शाळेला काय हवं ते विचारून.

सगळ्यात महत्त्वाचं, गिरणीची गोष्ट शक्यतो तुम्ही सांगू नका. गिरणीत काम केलेली माणसं अजून आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याशी आधी ओळख करा, ग्रुप नसताना जाऊन बसा, चहा घ्या, त्यांची इच्छा आहे का ते बघा. इच्छा असेल तर ग्रुपसमोर त्यांना बोलू द्या. साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करताना कानात कापूस कसा घालत, पाळी सुटली की भोंग्याबरोबर हजिऱ्याचा बाजार कसा भरून जाई, हे त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळंच असतं. तुम्ही फक्त मराठीत समजावून द्या, आणि तेही कमीत कमी. त्यांना गिरणीचा अभिमान असतो. आपण पाहुण्यांना दुःख ऐकवायला आणलेलं असतं आणि ते आजोबा कापडाच्या पोताबद्दल, धाग्याच्या नंबराबद्दल बोलत राहतात. बोलू द्या, मध्ये तोडू नका, बोनस आणि टाळेबंदीकडे खेचत नेऊ नका. आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. पाकिटात, पाहुण्यांच्या नजरेआड, आधी ठरवलेला आकडा. आपण आपल्या बोलण्याची फी घेतो तशी ती त्यांची फी आहे. ती बक्षीस म्हणून पाहुण्यांकडून गोळा करून देऊ नका.

चहा, कचोरी, बेडई त्याच बाजारात घ्या. हिवाळा असेल तर गजक तिथेच खरेदी करायला लावा. शोरूममध्ये ग्रुप नेला की गाइडला कमिशन मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. हजिऱ्याच्या टपरीवर ते मागायचं नाही. ग्रुपने चार पैसे तिथे खर्च केले की दुकानदार पुढच्या खेपेला स्वतः हाक मारतो, आणि मग आपण तिथे घुसखोर राहत नाही.

कधी दाखवू नये, तेही सांगतो. ग्रुपकडे तीनच तास असतील आणि अजून मानसिंहांचा महाल, तेली मंदिर, चतुर्भुज मंदिरातला शून्याचा लेख, जयविलास बाकी असेल, तर बसमधून दोन मिनिटांत कारण सांगा आणि पुढे चला. घाईत दाखवलेली वस्ती म्हणजे नुसती घाण दिसते. लाइनीत कुणाकडे मयत झाली असेल, मोहल्ल्यात काही तणाव असेल, तर त्या दिवशी जायचं नाही. ग्रुप थट्टामस्करीच्या लहरीत असेल, चंबळच्या डाकूंवरून विनोद चालले असतील, तरी नाही. त्यांना किल्ल्यावर न्या, मोकळ्या हवेत मन शांत झालं तर दुसऱ्या दिवशी बघू. आणि तुम्हाला स्वतःला त्या भागातलं एकही माणूस नावाने ओळखत नसेल, तर आधी ते काम करा. तोवर जे पुस्तकात आहे तेवढंच बसमध्ये सांगा.

श्योपुरची दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी बऱ्याच पाहुण्यांना बघायची असते. ती मार्च २०२० पासून बंद आहे आणि तो मार्ग ब्रॉडगेज होतोय. शहरात तिचे उरलेले रूळ वस्त्यांच्या अगदी अंगणातून जातात. रेल्वेचे शौकीन रुळांच्या नादात थेट लोकांच्या मोरीपर्यंत पोचतात, तेव्हा त्यांना घोसीपुराच्या बाजूला नेताना तुम्ही पुढे चाला, त्यांना पुढे सोडू नका.

टूरवाल्यांना हे कसं पटवायचं, असं तुम्ही विचाराल. त्यांच्याशी वाद घालू नका. कार्यक्रमपत्रिकेत "तानसेन समाधी" एवढंच लिहिलेलं असतं; तिच्यापुढे "आणि ग्वालियर सूटिंगचं बिर्लानगर" एवढे शब्द घालायला सांगा आणि त्यासाठी पाऊण तास मागून घ्या. पाहुण्यांना आधी कळलेलं असलं की "इकडून कशाला आणलंत" हा प्रश्न येत नाही. ज्यांना नको असतं ते समाधीपाशी थांबतात. पहिल्या खेपेला टूरवाला कां-कू करेल, तेव्हा मुंबईचा ग्रुप निवडा, आणि त्यात गिरणगावातलं कुणी आहे का ते आदल्या रात्री जेवताना विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाजारात पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या. दोन गिरणीवाले समोरासमोर आले की गाइडला फार बोलावं लागत नाही.